सहा दिवसांचा संप परवडला का? पुण्यातल्या एका सहवैमानिकाचं प्रकरण

वैमानिकांच्या संपाची बातमी आली की लोक लगेच दोन बाजूंना उभे राहतात. लाखांत पगार घेणाऱ्यांना आणखी किती हवं, असं काहीजण विचारतात. कंपन्यांना एकदा धडा शिकवायलाच हवा, असं बाकीचे म्हणतात. तो संप करणाऱ्याला परवडला का, हे मात्र कागद-पेन घेऊन फारसं कुणी तपासत नाही. इथे ते तपासलं आहे. एका खासगी विमान कंपनीत सहा दिवस चाललेला संप आणि त्यात सामील झालेला पुण्यातला एक सहवैमानिक, एवढाच या प्रकरणाचा आवाका आहे. कंपनीचं नाव दिलेलं नाही, माणसांची नावं बदलली आहेत, पगाराचे आकडे गोल केले आहेत. त्यांचं आपसातलं प्रमाण मात्र मूळचंच आहे.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. वैमानिकांची मागणी रास्त होती आणि लढणंही रास्त होतं. पण लढण्यासाठी निवडलेली वाट चुकीची होती, आणि तिसऱ्या रात्री थांबायला हवं होतं तिथे ते थांबले नाहीत. त्या रात्रीनंतरच्या दिवसांची किंमत ज्यांनी मोजली, त्यांना त्या दिवसांतून जवळपास काहीच मिळालं नाही.

पार्श्वभूमी

निखिल एकतीस वर्षांचा, धानोरीत राहणारा. वडील, म्हणजे अण्णा, भोसरीतल्या एका कारखान्यातून निवृत्त झाले; तिथल्या युनियनचे ते बरीच वर्षं खजिनदार होते. बायको मृणाल खराडीत आयटी कंपनीत. निखिलनं बारामतीला उड्डाणाचं प्रशिक्षण घेतलं, व्यावसायिक परवान्यासाठी लागणारे २०० तास पुरे केले, मग टाइप रेटिंग, म्हणजे एका ठरावीक जातीचं विमान उडवण्याची वेगळी पात्रता, मिळवली. या सगळ्यासाठी ५० लाखांचं कर्ज झालं. दहा वर्षांच्या मुदतीवर त्याचा हप्ता महिन्याला साधारण ६८ हजार आणि धानोरीच्या फ्लॅटचा ३९ हजार. दोन्ही मिळून १ लाख ७ हजार दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून जाणारच.

वैमानिकाचा पगार बाहेरच्या माणसाला वाटतो तसा सरळ नसतो. आपल्याकडे बहुतेक कंपन्या 'हमी तास' ठरवून देतात. तेवढं उड्डाण झालं नाही तरी त्या तासांचे पैसे मिळतात, आणि त्याहून जास्त झालं तर वरच्या तासांचा वेगळा दर असतो. कोविडच्या आधी निखिलच्या कंपनीत सहवैमानिकाला ७० तासांची हमी होती, तासाला ३,४०० रुपये, म्हणजे महिन्याला २ लाख ३८ हजार. कोविडमध्ये कंपनीनं हमी ४० तासांवर आणली आणि ४० च्या वरच्या प्रत्येक तासाला २,००० रुपये दर लावला. पत्रात शब्द होता 'तात्पुरती व्यवस्था'. विमानं जमिनीवर उभी असताना कुणी तक्रार केली नाही. कंपनी टिकली तर नोकरी टिकेल, हे सगळ्यांनाच कळत होतं.

मग प्रवासी परत आले. निखिलचं रोस्टर महिन्याला ७५ तासांवर गेलं, पण पगाराचा तक्ता तोच राहिला. ७५ तासांना त्याला मिळत होते २ लाख ६ हजार. जुन्या हमीनं ७० तासांनाच २ लाख ३८ हजार मिळाले असते. ज्या महिन्यात सिम्युलेटरवरचं प्रशिक्षण, सुटी किंवा नुसता स्टँडबाय (बोलावलं तरच उडायचं) असे, त्या महिन्यात आकडा १ लाख ३६ हजारांवर येई. करकपातीनंतर दोन हप्ते भरले की घर मृणालच्या पगारावर चाले.

नेमका पेच

कंपनीनं कमांडरांचे, म्हणजे डाव्या सीटवर बसणाऱ्या कॅप्टनांचे, हमी तास वर्षभर आधीच पुन्हा ७० केले होते. कारण उघड होतं. अनुभवी कॅप्टन कमी आहेत आणि दुसऱ्या कंपन्या त्यांना ओढत होत्या. सहवैमानिकांचं उलट. परवाना हातात घेऊन नोकरीची वाट पाहणारी मुलं शेकड्यांनी आहेत, त्यामुळे सहवैमानिक टिकवायची कंपनीला घाई नव्हती. कॅप्टनांची तक्रार उरली होती ती वरच्या तासांच्या दराबद्दल आणि कपातीच्या काळातल्या थकबाकीबद्दल. वर्षाला १,००० तासांची मर्यादा आहे, म्हणजे महिन्याला सरासरी ८३. जे कॅप्टन त्या मर्यादेच्या जवळ उडत होते, त्यांना वरच्या दरात खूप काही होतं. सहवैमानिकांना हवी होती हमी.

एकाच मागणीपत्रात दोन वेगळी दुखणी होती. हे कुणी उघडपणे बोललं नाही, आणि पुढचं सगळं इथूनच बिघडलं. पाच जणांची समिती झाली, तीत चार कॅप्टन आणि एक सहवैमानिक. नोंदणीकृत संघटना नव्हती. फोनवरचे ग्रुप होते. व्यवस्थापनाला तीन पत्रं गेली. पहिल्या दोन पत्रांना उत्तर आलं नाही, तिसऱ्याला 'योग्य वेळी विचार करू' असं आलं.

समोरचे पर्याय

विमाननगरमधल्या एका हॉलमध्ये पुणे बेसच्या लोकांची बैठक झाली. टेबलावर चार वाटा होत्या.

पहिली, नोकरी बदलायची. ही कागदावरच सोपी होती. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार सहवैमानिकाला सहा महिन्यांची आणि कमांडरला एक वर्षाची नोटीस द्यावी लागते. वर निखिलवर कंपनीचा बाँड, म्हणजे मुदतीआधी सोडल्यास पैसे भरण्याचा करार, होता, आणि कमांड अपग्रेड, म्हणजे कॅप्टनपदावरची बढती, वर्षभरावर आलं होतं. दुसऱ्या कंपनीत ज्येष्ठतेच्या यादीत तळापासून सुरुवात करावी लागली असती.

दुसरी, गप्प बसून कंपनी स्वतःहून हमी वाढवेल याची वाट पाहायची. कॅप्टनांच्या बाबतीत तसं घडलं होतं, पण त्यांना जाण्याची धमकी देता येत होती म्हणून.

तिसरी, कायदेशीर नोटीस देऊन संप. हा सगळा प्रकार नवी कामगार संहिता लागू होण्याआधीचा, म्हणजे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या काळातला. त्या कायद्यात हवाई वाहतूक 'लोकोपयोगी सेवा' आहे, म्हणून १४ दिवसांची नोटीस सक्तीची. नोटीस दिली की केंद्रीय कामगार खात्याच्या समेट अधिकाऱ्याला समेटाची कारवाई सुरू करावीच लागते. समेट चालू असताना संप करता येत नाही. पण त्या काळात मालकालाही वादाशी संबंधित कारणावरून, परवानगी न घेता, कुणाला कामावरून काढता येत नाही. वैमानिक 'कामगार' ठरतो का, हा मुद्दा कंपन्या काढतातच. मात्र पगार मोठा आहे एवढ्यावरून कुणी त्या व्याख्येबाहेर जात नाही. काम प्रत्यक्षात व्यवस्थापनाचं किंवा देखरेखीचं आहे का, हे पाहावं लागतं. सहवैमानिकाची बाजू इथे कॅप्टनपेक्षा भक्कम असते.

चौथी वाट, सगळ्यांनी एकाच दिवशी आजारी असल्याचं कळवायचं.

निखिलनं तिसऱ्या वाटेचा आग्रह धरला. समितीच्या प्रमुखांचं उत्तर होतं, "चौदा दिवसांत कंपनी एकेकाला केबिनमध्ये बोलावून फोडेल. आणि समेटाच्या तारखा पडत राहिल्या की सहा महिने गेले." ही शंका पोकळ नव्हती. समेटाला वेळ लागतोच, आणि माणसं फुटतातच. पण जी चौदा दिवसांच्या नोटिशीत फुटते, ती एकजूट संपाच्या चौथ्या दिवशी कशी टिकणार, हे हॉलमध्ये कुणी विचारलं नाही. हात वर करून चौथी वाट ठरली.

आधीच्या संपांचे दाखले

बैठकीत एक दाखला सारखा दिला जात होता, सप्टेंबर २००९ चा जेट एअरवेजचा. संघटना बांधली म्हणून दोन वैमानिकांना काढलं, त्यावर चारशेहून अधिक वैमानिकांनी आजारपणाची रजा टाकली, पाच दिवसांत कंपनीनं माघार घेतली. खरं आहे. पण ती लढाई काढलेल्यांना परत घेण्याची होती, पगारवाढीची नव्हती. काढलेल्यांना परत घ्यायला कंपनीला तिजोरी उघडावी लागत नाही, म्हणून असं भांडण लवकर मिटतं. त्याच कंपनीत एप्रिल २०१९ मध्ये कित्येक महिन्यांचा पगार थकल्यावर वैमानिकांनी उड्डाण बंद करण्याचं ठरवलं आणि मग पुढे ढकललं. १७ एप्रिलला कंपनीच बंद पडली. जिच्याकडे पैसा उरलेला नाही, तिच्याविरुद्ध पगारासाठी संप करून काही मिळत नाही. निखिलच्या कंपनीची विमानं भरून जात होती, त्यामुळे तो धोका इथे नव्हता, एवढं समितीनं बरोबर ओळखलं होतं.

एअर इंडियाचे दोन संप कुणी नीट पाहिले नाहीत. २०११ मध्ये जुन्या इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक पगारातल्या समानतेसाठी दहा दिवस संपावर होते. दिल्ली उच्च न्यायालयानं कामावर जायला सांगितलं, अवमानाची कारवाई झाली, संघटनेची मान्यता गेली. शेवटी मान्यता परत मिळाली आणि पगाराचा प्रश्न न्या. धर्माधिकारी समितीकडे गेला. म्हणजे दहा दिवसांच्या संपातून मिळाली ती समिती. पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, दुसऱ्या संघटनेचा संप ५८ दिवस चालला. त्यात मुद्दा बोइंगच्या नव्या ड्रीमलायनर विमानाच्या प्रशिक्षणाचा आणि बढतीचा होता, आणि शंभराहून अधिक वैमानिकांना बडतर्फीची पत्रं गेली.

परदेशातले दाखले तर अधिक बोलके आहेत. ब्रिटिश एअरवेजच्या वैमानिकांनी सप्टेंबर २०१९ मध्ये दोन दिवसांचा संप केला. कंपनीनं आधीच तीन वर्षांत ११.५ टक्के वाढ देऊ केली होती. मूळ कंपनीनं या संपाचा फटका १३७ दशलक्ष युरो सांगितला. डिसेंबरमध्ये वैमानिकांनी जो करार स्वीकारला, त्यातली वाढही ११.५ टक्क्यांचीच होती. स्कँडिनेव्हियाच्या एसएएस या विमान कंपनीत जुलै २०२२ मध्ये १५ दिवसांचा संप झाला. संप सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी कंपनीनं अमेरिकेत दिवाळखोरी संरक्षणाचा अर्ज केला. तिथल्या वैमानिकांनी पगारात कपात मान्य केली आणि कोविडमध्ये काढलेल्या ४५० सहकाऱ्यांना परत घेण्याचं वचन मिळवलं. पगाराच्या आकड्यानं मोजला तर तो संप हरला. मी तो जिंकलेला मानतो, कारण त्यांनी आपल्यातल्या सगळ्यात उघड्यावर असलेल्यांसाठी काहीतरी पदरात पाडून घेतलं.

आणि १९८९ चा ऑस्ट्रेलिया. २९.४७ टक्के वाढीची मागणी, पंतप्रधान बॉब हॉक थेट वैमानिकांच्या विरोधात उभे, हवाई दलाची विमानं प्रवाशांसाठी वापरली गेली, वैमानिकांनी सामूहिक राजीनामे दिले आणि हरले. कित्येकांना त्या देशात पुन्हा कॉकपिट मिळालं नाही.

अण्णांना ऑस्ट्रेलियाचं काही माहीत नव्हतं, पण त्याच वर्षीचा सप्टेंबर त्यांच्या नीट लक्षात होता. कामगार नेते राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली टेल्कोचे (आजच्या टाटा मोटर्सचे) कामगार शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले होते, पोलिसांनी त्यांना तिथून उचललं आणि संप मोडला. अण्णांचा कारखाना वेगळा, पण पिंपरी-भोसरी पट्ट्यात ते दिवस सगळ्यांनी पाहिले. निखिल बैठकीहून घरी आला तेव्हा अण्णांनी दोनच गोष्टी विचारल्या. "फंड किती आहे?" आणि "कामावर परत जायचं कधी, ते कोण ठरवणार?" संपाच्या काळासाठी जमवलेला फंड नव्हता. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर होतं, समिती ठरवणार.

आजारपणाचा कॉल

इथे थोडं थांबायला हवं, कारण मला या प्रकरणात सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. वैमानिकानं आज माझी तब्येत ठीक नाही, मी उडणार नाही, असं म्हणणं ही नुसती रजा नव्हे. विमानात बसलेल्या पावणेदोनशे माणसांच्या सुरक्षेची ती एक कडी आहे. ताप असताना, झोप झालेली नसताना, घरात काही घडून मन ठिकाणावर नसताना तो नाही म्हणू शकला पाहिजे, आणि त्या शब्दावर कुणी शंका घेता कामा नये. ज्या दिवशी तोच शब्द पगारासाठी हत्यार म्हणून वापरला जातो, त्या दिवसापासून कंपनीला प्रत्येक आजारपणावर शंका घ्यायला कारण मिळतं. संपानंतर या कंपनीत नेमकं तेच झालं. एका दिवसाच्या आजारपणालाही प्रमाणपत्र मागायला लागले आणि लोक सर्दीत उडायला लागले. या नुकसानीचा आकडा माझ्याकडे नाही. खालच्या हिशेबातही तो आलेला नाही, आणि वाचताना ते लक्षात ठेवावं.

पहिले तीन दिवस

बुधवारी पहाटे साडेतीनची पिकअप कॅब निखिलनं परत पाठवली. त्या दिवशी कंपनीची देशभरातली जवळपास निम्मी उड्डाणं रद्द झाली. पुण्याच्या लोहगाव विमानतळावर त्याचा ताण लगेच जाणवतो, कारण धावपट्टी हवाई दलाची आणि नागरी विमानांच्या वाट्याला जागा मोजकी. एक विमान अडकलं की मागचं सगळं वेळापत्रक सरकतं. दुपारपर्यंत दुसऱ्या कंपन्यांची पुणे-दिल्लीची तिकिटं कित्येक पटींनी चढली.

दुसऱ्या दिवशी कंपनीनं 'आजारी' वैमानिकांच्या घरी डॉक्टर पाठवले. निखिलचा रक्तदाब उत्तम होता. डॉक्टरांनी काही न विचारता कागद भरला आणि चहा न घेता गेले. त्याच संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे काका दाराशी आले. त्यांच्या भावाचा दहावा नागपूरला होता आणि विमान रद्द झाल्यामुळे ते पोचू शकले नव्हते. त्यांनी मृणालला विचारलं, "तुमचे लोक खरंच आजारी आहेत का गं?" तिनं खरं उत्तर दिलं. काका म्हणाले, "मग आम्हाला चार दिवस आधी सांगायचं होतं. मी रेल्वेचं तिकीट काढलं असतं."

१४ दिवसांच्या नोटिशीमागे कायद्याला हेच अपेक्षित आहे. नोटीस प्रवाशाचा त्रास पूर्ण टाळत नाही, पण त्याला दुसरी सोय करायला वेळ देते, आणि संप करणाऱ्याला लोकांच्या डोळ्याला डोळा देता येतो.

शुक्रवारची संध्याकाळ

तिसऱ्या दिवशी सात वाजता कंपनीची मेल आली. सहवैमानिकांची हमी ताबडतोब ५५ तास, सहा महिन्यांनी ७० तास. वरच्या तासांचा दर तोच, २,०००. थकबाकी नाही. शनिवारी सकाळी सहापर्यंत जो कामावर येईल त्याच्यावर कोणतीही कारवाई नाही, आणि हे सगळं व्यवस्थापनाच्या सहीनं, लेखी.

निखिलच्या मते हा करार घेण्यासारखा होता. समितीतला एकुलता सहवैमानिकही तेच म्हणाला. पण कॅप्टनांना या मेलमध्ये काहीच नव्हतं. हमी त्यांना आधीच मिळाली होती, आणि दर व थकबाकी तशीच राहत होती. समितीनं चार विरुद्ध एक असा निर्णय घेतला की कंपनी वाकली आहे, अजून दोन दिवस ताणलं तर सगळं मिळेल. ग्रुपवर संदेश आला: कुणीही परत जाऊ नये, जाणारा गद्दार.

अण्णांनी रात्री अकराला मेल वाचली आणि म्हणाले, "हे घ्या. सही आहे, तारीख आहे, कारवाई नाही म्हटलंय. मालकाची मुदत उद्या सहाला संपते, तुमच्या समितीच्या ताणण्याला कसलीच मुदत नाही."

निखिल रात्रभर जागा होता. एकटा गेला तर सहकाऱ्यांशी दगा. नाही गेला तर कारवाई नाही हे आश्वासन सकाळी सहाला संपणार. तो गेला नाही.

परिणाम

रविवारी नऊ जणांना बडतर्फीची पत्रं गेली. नऊही सहवैमानिक, त्यातही बहुतेक नोकरीत कायम न झालेले. एकाही कॅप्टनला पत्र गेलं नाही. कंपनीला ते परवडणारं नव्हतं. त्या नऊ पत्रांनी संप दोन्ही बाजूंनी हलला. काहीजण घाबरून परत गेले, काहीजण चिडून अधिक ठाम झाले. सोमवारी संध्याकाळी समझोता झाला. हमी पुढच्या महिन्यापासून ७० तास, ७० च्या वरचा दर सहवैमानिकांना २,६०० आणि कॅप्टनांनाही त्याच प्रमाणात वाढीव, थकबाकी नाही. बडतर्फ झालेल्यांचा 'सहानुभूतीनं विचार'. कारवाई नाही हे कलम आता गेलं होतं.

नऊपैकी सहा जणांना पुढे वेगवेगळ्या टप्प्यांवर परत घेतलं. तिघांना नाही. निखिलला कारणे दाखवा नोटीस आली आणि त्याचं कमांड अपग्रेड आठ महिने पुढे गेलं.

हिशेब

महिन्याला ७५ तास उड्डाण आणि तीन वर्षांचा काळ धरू.

संपाआधी निखिलला महिन्याला २ लाख ६ हजार मिळत होते. समझोत्यानंतर ७० तासांचे २ लाख ३८ हजार आणि वरच्या ५ तासांचे १३ हजार, म्हणजे २ लाख ५१ हजार. महिन्याला ४५ हजारांची वाढ, ३६ महिन्यांत १६ लाख २० हजार. एवढंच पाहिलं तर संप दणदणीत यशस्वी.

आता शुक्रवारची मेल स्वीकारली असती तर? पहिले सहा महिने २ लाख २७ हजार, म्हणजे २१ हजारांची वाढ. पुढचे तीस महिने २ लाख ४८ हजार, म्हणजे ४२ हजारांची. एकूण १३ लाख ८६ हजार.

म्हणजे शेवटी जे मिळालं, त्यातला ८५ टक्के भाग शुक्रवारी संध्याकाळी सहीनिशी समोर होता. उरलेल्या तीन दिवसांनी सहवैमानिकाला तीन वर्षांत २ लाख ३४ हजार जास्त मिळवून दिले, महिन्याला साडेसहा हजार. त्या बदल्यात निखिलनं आठ महिन्यांची कमांड गमावली. कॅप्टन आणि सहवैमानिक यांच्या पगारातला फरक या कंपनीत महिन्याला अडीच लाखांच्या घरात आहे, म्हणजे २० लाख गेले. सहा दिवसांचा कापलेला पगार वेगळा. त्याच्यापुरता संप तोट्यात गेला, आणि तो तोटा पूर्णपणे शनिवार ते सोमवार या तीन दिवसांतला आहे.

कॅप्टनांचा हिशेब उलटा आहे. त्यांना शुक्रवारच्या मेलमध्ये शून्य होतं आणि सोमवारच्या समझोत्यात वाढीव दर. त्यांच्या दृष्टीनं ताणणं योग्यच ठरलं. म्हणून हा संप परवडला का, या प्रश्नाला या कंपनीत एक उत्तर नाही. जास्त पगाराच्या, सुरक्षित माणसांना तो परवडला. कमी पगाराच्या, बदलता येण्याजोग्या माणसांनी त्याचे पैसे भरले. ज्यांच्या नावानं मागणीपत्र लिहिलं गेलं, ते दुसऱ्या गटात होते.

वेगळं काय करता आलं असतं

नोटीस द्यायला हवी होती, हे सगळ्यात आधी. समेटाच्या काळात परवानगीशिवाय बडतर्फ करता येत नाही, हे संरक्षण त्या नऊ जणांना मिळालं असतं, निदान न्यायालयात मांडायला भक्कम मुद्दा मिळाला असता. संप बेकायदा ठरला तर जुन्या कायद्यात कामगाराला दंड होता फक्त पन्नास रुपये, नाहीतर महिनाभरापर्यंतचा तुरुंगवास. खरी शिक्षा मालकाच्या हातात होती, आणि ती टाळायचा कागदी मार्ग उपलब्ध होता. माझा असाही अंदाज आहे की नोटिशीच्या चौदा दिवसांतच शुक्रवारच्या मेलसारखं काहीतरी आलं असतं. भरलेल्या विमानांच्या हंगामात संपाची तारीख आधी जाहीर झाली की लोक त्या कंपनीचं तिकीटच काढत नाहीत; एकही उड्डाण रद्द न होता तोटा सुरू होतो.

आता तर सगळ्यांनी मिळून आजारी पडण्याची ती चौथी वाट निवडण्याचा प्रश्नच उरलेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत, निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी घेतलेली किरकोळ रजा हाही संपच धरला जातो, आणि १४ दिवसांच्या नोटिशीचं बंधन सगळ्याच औद्योगिक आस्थापनांना आहे. आजारपणाच्या नावाखाली संप करणाऱ्यांना यापुढे आडोसा फारच थोडा मिळेल.

समितीत सहवैमानिकांना त्यांच्या संख्येच्या प्रमाणात जागा हव्या होत्या. आणि मागणीपत्रातच लिहून ठेवायला हवं होतं की कोणती मागणी मिळाली की थांबायचं. हमी तास ही पहिली, दर ही दुसरी, थकबाकी सोडायची तयारी असलेली तिसरी. तसा क्रम असता तर शुक्रवारी वाद झालाच नसता.

फंडाचं अण्णा म्हणत होते ते तर अगदी साधं. महिन्याला प्रत्येकी दोन हजार जरी वर्षभर जमा केले असते, तरी बडतर्फ झालेल्या नऊ जणांचे कर्जाचे हप्ते काही महिने भरता आले असते. कॅप्टनांनी मनावर घेतलं असतं तर संपानंतरही ते शक्य होतं. एक-दोघांनी वैयक्तिक मदत केली, समितीनं नाही.

एका मुद्द्यावर निखिल आणि अण्णा यांचं अजूनही पटत नाही: शनिवारी पहाटे त्यानं एकट्यानं कामावर जायला हवं होतं का? अण्णांच्या मते हो, कारण घर त्याच्यावर होतं. निखिल म्हणतो, गेलो असतो तर ते नऊ जण आयुष्यभर माझ्याकडे बघत राहिले असते. मला निखिलचं पटतं, पण अर्धंच. एकट्यानं जायला नको होतं. मात्र रात्री अकरा ते पहाटे सहा, हातात सात तास होते. मेल ग्रुपवर टाकून प्रत्येकाचं मत मागता आलं असतं, आणि मतदानात सहवैमानिक संख्येनं जास्त होते. समितीनं मतदान नाकारलं असतं, तर सहवैमानिकांना मिळून परत जायला तेवढं कारण पुरलं असतं. त्या रात्री ग्रुपवर दोनशेहून अधिक संदेश आले, आणि त्यात मतदान घ्या असं म्हणणारा एकही नव्हता.